कारणाचा रकाना

डाव्या पायाची एक चप्पल. अंगठा तुटलेला, वर दगड.

रेल्वेच्या रुळाचा दीड हात लांब तुकडा, तारेनं टांगलेला.

कापसात लोखंड गार लागतं. दगडही गार लागतो, पण त्याचं गार वेगळं.

डालड्याचा जुना डबा. आत विळ्याचं अर्धं पातं, सायकलच्या घंटीचं झाकण, वखराची खीळ, साखळीच्या तीन कड्या आणि देव्हाऱ्यातला एक टाक. कोणत्या देवाचा, ते झिजून गेलंय.

सहा चौकोन आखलेला कागद.

नारळ फोडला तेव्हा पाणी कीबोर्डवर उडालं.

०७ : कारण आढळले नाही.

या गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, असं मनिषाला वाटलं होतं. तिथंच तिनं माती खाल्ली.

*

मनिषा मानवतजवळच्या एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात नऊ हंगाम कामाला होती. नऊ हंगाम म्हणजे नऊ वर्षं नव्हेत. दसऱ्याला फोन यायचा, "या म्याडम," आणि होळीच्या आदल्या दिवशी दत्तराव मॅनेजर स्वतःच्या हातानं तिला चहा आणून द्यायचे. त्या चहाचा अर्थ सगळ्या जिनिंगला माहीत होता. कप खाली ठेवायचा आणि खुर्ची रिकामी करायची. मधले महिने ती काय करते, हे कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

यंदा दिवाळी झाल्यावर शेठ ओमप्रकाशांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सॉफ्टवेअर कंपनीचा प्रीतम पुण्याहून आला होता. गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचाच फोटो.

"नवी सिस्टिम बसवायची," शेठ म्हणाले. "गेटपासून गाठीपर्यंत सगळं एका स्क्रीनवर. पण आधी आपली माणसं राजी पाहिजेत. शेजारच्यांनी गेल्या साली जबरदस्तीनं बसवली, तर महिन्यात कॉम्प्युटरवर चार वेळा चहा सांडला. चार वेळा! मला तसलं नको. गेट, काटा, ग्रेडर, जिन, प्रेस अन् मॅनेजर. सहा सह्या, शनिवारपर्यंत. तुझं सगळे ऐकतात."

"अन् मग?"

"मग तू कायम. बारा महिने. सिस्टिम-प्रमुख. पत्र आजच टाईप करायला सांगतो."

बारा महिने! नऊ वेळा कडू चहा प्यालेल्या माणसाच्या कानात हे दोन शब्द ओतले की दुसरं काही ऐकू येत नाही. मनिषानं पट्टी घेतली आणि कागदावर सहा चौकोन आखले. सहाच का, हा प्रश्न तिला पडला नाही. शेठनी सहा सांगितले होते.

*

पहिला चौकोन : गेट.

या गेटवर नंबर चपलेनं लागतो. पालमकडून कापूस घेऊन आलेला माणूस ट्रॅक्टर उभा करतो, चुन्याच्या रेघेवर आपली डावी चप्पल काढतो, वर दगड ठेवतो आणि एक पाय अनवाणी असा चहाला जातो. तीस-चाळीस चपला ओळीनं बसलेल्या असतात. कुणाची कोणती, हे गेटवरचा रामहरी डोळे मिटून सांगेल.

"आता नंबर मोबाईलवर येणार म्हणता," रामहरी म्हणाला. "चपलेला ओटीपी कुठून यायचा?"

"चपला बंद, रामहरीभाऊ."

"करा की बंद. पण एखाद्याचं टायर फुटतंय, एखाद्याच्या घरी मयत होती. त्याला मी मागून पुढं घेतो. ते तुमची शिष्टीम विचारणार, कामून घेतलं?"

"हो. तिथं कारण लिहायचं. रकाना आहे."

"मग न्हाई करत सई. मी बायकोला कारण सांगत न्हाई, तुमच्या डब्याला सांगू?"

मनिषानं प्रीतमला फोन लावला. प्रीतम म्हणाला, "इश्यू नाही. गेटसाठी कारणाचा रकाना ऐच्छिक करतो." रामहरीनं लगेच सही ठोकली, आणि खाली मोबाईल नंबर पण लिहिला. तो कुणी मागितला नव्हता.

मग ग्रेडर. किशनराव ग्रेडर म्हणजे या जिनिंगमधलं जागृत देवस्थान. ट्रॉलीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणार, आतला मूठभर कापूस काढणार, दोन अंगठ्यांत धागा ओढून बघणार आणि एक अक्षर बोलणार. ते अक्षर म्हणजे निकाल.

"सकाळी बी म्हणलेला कापूस मी दुपारी ए म्हणतो," किशनराव म्हणाले. "ऊन लागल्यावर कापूस बदलतो. माणूस बदलतो, तर कापसानं काय घोडं मारलं?"

"बदला ना काका. फक्त कारण..."

"कारण माझ्या बोटात हाय. कापून देऊ का?"

ऐच्छिक. सही.

काट्यावरच्यांनी तर तोंडही उघडलं नाही, रकान्यावर नुसतं बोट ठेवून मान हलवली. ऐच्छिक. रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवरच्या बन्सीधरला त्यांचे नंबर मागेपुढे करायची मुभा हवी होती, कारणाशिवाय. ऐच्छिक. दत्तराव मॅनेजर खुर्चीत रेलून म्हणाले, "मनिषा, मला कारण विचारणारा रकाना अजून जन्मायचा हाय." ऐच्छिक, ऐच्छिक, घ्या सही.

पाच चौकोन भरले. शनिवारचे चार वाजले होते. आणि पुण्याहून प्रीतमचा फोन आला.

"मॅडम, एक तरी रकाना अनिवार्य ठेवावा लागेल हो. नाहीतर रिपोर्टमध्ये काहीच येणार नाही. शेठना दाखवायचं काय?"

*

सहावा चौकोन : जिन.

इथं जरा थांबून पट्टा बघून घ्यावा लागेल. यार्डातला कापूस पट्ट्यावर पडतो आणि पट्टा तो जिनच्या, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या मशीनच्या, तोंडात नेऊन घालतो. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना चौदा बाया उभ्या असतात. पत्ती, सुतळी, प्लास्टिक, किडका कवडी कापूस वेचून टाकतात. पण खरं काम वेगळंच. शेतातून, ट्रॉलीतून, यार्डातून कापसाबरोबर काय काय येतं. खीळ येते, खडा येतो, साखळीची कडी येते. ते जिनमध्ये गेलं तर ठिणगी. ठिणगी आणि रुई यांच्यामध्ये मग कुणी नसतं.

तीसेक वर्षांमागं अशीच आग लागून चांगुणाबाई नावाची बाई पट्ट्यावर भाजून गेली. त्यानंतर ओमप्रकाशांच्या वडिलांनी, थोरल्या शेठनी, कुठून तरी हा रुळाचा तुकडा आणून पट्ट्याजवळ टांगला. शेजारी सुतळीला एक मोठा बोल्ट बांधला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की ज्या बाईला वाटंल तिनं वाजवावं, वाजला की मशीन बंद, आणि का वाजवला हे कुणी विचारायचं नाही. कोकिळाबाईची सासू सरजाबाई तेव्हा त्या घोळक्यात उभी होती. आता कोकिळाबाई पट्ट्यावरची सगळ्यात जुनी बाई.

न विचारण्यालाच तर अर्थ होता. बोटाला गार लागतं, ते अर्ध्या पळात सरकून जातं. खीळ होती की पहाटेच्या दहिवरानं भिजलेला गड्डा होता, हे कळेपर्यंत पट्टा दोन हात पुढं गेलेला असतो. म्हणून आधी टोला, मग शोध. पाळीत दहा-अकरा वेळा रूळ वाजायचा. तीन-चार वेळा काहीतरी सापडायचं, ते डालड्याच्या डब्यात जायचं. बाकी वेळा काहीच नाही.

जिनचा फिटर नागेश मशीनच्या बटणाशी बसायचा. त्यानं कागद वाचला नाही.

"पट्टा थांबला की शिव्या मला बसतेत," तो म्हणाला. "थांबवणार बाया, बोलणी खाणार मी. कारण बायांनाच इचारा. मग करतो सई."

सहा जणांपैकी पाच जणांनी कारण द्यायला नकार दिला होता. सहाव्यानं ते दुसऱ्यांच्या गळ्यात घातलं. ज्यांच्या गळ्यात घातलं त्या चौदा जणी वीस पावलांवर कापूस वेचत होत्या, आणि मनिषा त्यांच्याकडं पाठ करून उभी होती. तिच्या मनात रूळ चमकून गेला, नाही असं नाही. पण शनिवारचे साडेचार वाजले होते. तिनं फोनवर प्रीतमला सांगितलं, "पट्टा थांबवणे. कारण अनिवार्य."

नागेशनं सही केली.

शाबास मनिषा.

*

सोमवारी कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, पाणी कीबोर्डवर उडालं. दत्तरावांनी रूळ उतरवून भंगारच्या खोलीत टाकायला लावला. "आता हे कशाला टणटण?"

रुळाच्या जागी हिरवं बटण आलं. बाईनं बटण दाबायचं, आपला नंबर सांगायचा, दोन मिनिटांत कारण द्यायचं. नागेशनं ते स्क्रीनवर यादीतून निवडायचं. ०१ दगड. ०२ लोखंड. ०३ सुतळी. असं करत ०७, कारण आढळले नाही. आठवड्यात एका बाईच्या नावावर तीन ०७ झाले की सिस्टिम आपोआप मुकादम लिंबाजीला निरोप धाडणार, आणि ती बाई आठ दिवस घरी. प्रीतमनं त्याला नाव दिलं होतं "विश्रांती".

हे तीन वेळांचं मनिषाला सोमवारीच कळलं. "आधी का नाही सांगितलं?" तिनं फोनवर विचारलं.

"डिफॉल्ट असतं मॅडम. कुणी ऑब्जेक्शन घेतलं नाही ना."

कुणी म्हणजे कुणी घ्यायचं होतं?

सोमवारी पट्टा तीन वेळा थांबला. मंगळवारी दोन. बुधवारी एक. शेठनी सगळ्यांना बालूशाही वाटली. "बघा! दहावरून एकवर. मी म्हणत होतो ना, माणसं राजी असली की काम कसं होतं." मनिषानं पण बालूशाही खाल्ली. गोड होती.

*

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास तिसऱ्या नंबरच्या जिनमधून धूर आला.

नागेशनं बटण मारलं, वाळूच्या बादल्या ओतल्या, बाया ओरडत बाहेर पळाल्या. रुई आतल्या आत धुमसत होती. अर्ध्या तासात विझली. बन्सीधरच्या हाताला फोड आले आणि प्रियांकाच्या पदराला जळकी भोकं पडली. एवढ्यावर निभावलं. जिन उघडल्यावर आत ट्रॉलीच्या साखळीची कडी सापडली, निळी पडलेली.

प्रियांका पट्ट्यावर तिसऱ्या जागेला उभी असायची. तिला केबिनमध्ये आणलं. शेठ, दत्तराव, कॉम्प्युटरपुढं मनिषा, आणि दाराशी न बोलावता आलेली कोकिळाबाई.

"तुझ्या हाताला लागलं होतं का काही?" दत्तरावांनी विचारलं.

"लागलं होतं. गार."

"मग बटण कामून दाबलं न्हाई?"

प्रियांका जमिनीकडं बघत होती. "माझ्यापाशी कारण न्हवतं, सायेब."

"म्हंजे?"

"दोन सात झाल्ते माझे. सोमवारी एक, मंगळवारी एक. काही घावलं न्हवतं. तिसरं झालं असतं तर आठ रोज घरी. मनलं, नीट कळू द्यावं. कळूस्तवर गेलं ते."

शेठनी मान हलवली. समजूतदार माणसासारखी. "ट्रेनिंग कमी पडलं," ते म्हणाले. "मनिषा, घटना नोंदव."

मनिषानं स्क्रीन उघडली.

घटना : जिन क्र. ३, ठिणगी.
वेळ : १५.०४
कारण (अनिवार्य) :

"लिही," दत्तराव म्हणाले. "कामगाराचा निष्काळजीपणा."

रकान्यात रेघ लुकलुकत होती. मनिषाच्या कानशिलात काहीतरी तसंच लुकलुकायला लागलं. निष्काळजीपणा! जिच्या पदराला अजून जळक्याचा वास येत होता तिचा निष्काळजीपणा. तिनं तो रकाना तसाच सोडला आणि आठवड्याचा रिपोर्ट उघडला. मग मोठ्यानं वाचायला लागली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटत होता.

"गेट. नंबर मागेपुढे केले, एकतीस वेळा. कारण, कोरं. ग्रेड बदलली, सेहेचाळीस वेळा. कारण, कोरं. काटा, दुरुस्ती बारा. कोरं. गाठी, नऊ. कोरं. मॅनेजरची मंजुरी..."

"मनिषा."

"...बावीस. कोरं, कोरं, कोरं! पट्टा. सहा वेळा थांबला. सहाच्या सहा वेळा कारण भरलेलं. अख्ख्या जिनिंगमध्ये कारण कोण देतंय, सायेब? ह्या चौदाजणी! अन् निष्काळजी पण ह्याच?"

"तू कुणाच्या बाजूनं हाईस?" दत्तरावांचा आवाज चढला. "सह्या कुणी आणल्या? तूच ना? अनिवार्य कुणी मनलं फोनवर? आमी?"

हे खरं होतं. आणि खरं होतं म्हणूनच ती पेटली. दत्तरावांवर नव्हे, पट्टी घेऊन सहा चौकोन आखणाऱ्या त्या बाईवर.

शेठनी टेबलाचा खण उघडून एक पाकीट वर ठेवलं. "बेटा, लिही आणि संपव. तुझं पत्र तयार आहे. सहीच बाकी आहे माझी."

मनिषानं पाकिटाकडं बघितलं. बारा महिने त्यात घडी घालून ठेवले होते. मग तिनं टेबलावरचा सह्यांचा कागद उचलला, सहा चौकोनांखाली हातानंच वाकडातिकडा सातवा चौकोन काढला, आत "पट्टा" असं लिहिलं आणि कागद दाराशी नेऊन कोकिळाबाईपुढं धरला.

"मावशी, तुमची सही राहिली."

कोकिळाबाईनं कागद घेतला नाही.

"आता आलीस व्हय? जळाल्यावर?" ती म्हणाली. "लय लवकर आलीस बाई आमची राजी इचारायला. वीस पावलं होती तुझ्यापासून पट्ट्यापतूर. वीस. मी मोजलेत. त्या शनिवारी तू नागेशपाशी उभी व्हतीस तव्हा तुझी पाठ दिसत व्हती मला."

"चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं. सई येती मला, चौथी शिकलेली हाय मी. पण देत न्हाई." तिनं प्रियांकाच्या खांद्यावर हात ठेवला. "रूळ कुठाय?"

*

भंगारची खोली यार्डाच्या टोकाला. रूळ दोन मोडक्या पंख्यांखाली पडला होता. मनिषानं तो ओढून काढला, उचलेना, म्हणून मातीतून फरफटत आणला. यार्डातून एक लांब रेघ उमटत गेली. रामहरीनं गेट सोडून बघितलं. किशनराव ट्रॉलीत हात घालून तसेच थांबले. कुणी मदतीला आलं नाही, कुणी अडवलंही नाही. सह्या करणारी माणसं अशीच असतात.

बाकीची जिन पुन्हा सुरू झाली होती. हंगामात पट्टा फार वेळ उभा ठेवत नाहीत. कोकिळाबाई आणि प्रियांकानं दोन्ही अंगांनी रूळ उचलून धरला, मनिषानं जुन्याच तारेचा फास घातला.

"टांगलास तर उद्यापासून यायचं न्हाई," पाठीमागून दत्तराव ओरडले. "शेठचा निरोप हाय."

बोल्ट सापडला नाही. मनिषानं डालड्याच्या डब्यातली वखराची खीळ घेतली आणि घातला टोला.

तिनं सगळा जोर लावला होता. नऊ होळ्यांचा. आवाज पत्र्याखालून निघून गेटपर्यंत गेला.

नागेशचा हात बटणावर गेला. त्यानं स्क्रीनकडं बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही. पंधरा वर्षांची सवय होती त्या हाताला. मशीन थांबली. इतकी शांतता झाली की पट्ट्यावरून ओघळणाऱ्या कापसाचाही आवाज येईल असं वाटलं.

दत्तराव धापा टाकत पुढं आले. "काय सापडलं?"

"काही न्हाई," मनिषा म्हणाली.

"मग कामून वाजवला?"

मनिषा काही बोलणार तेवढ्यात कोकिळाबाई म्हणाली, "ते इचारायचं न्हाई, असं ठरलेलं हाय."

*

त्या संध्याकाळी दत्तरावांनी मनिषाला स्वतःच्या हातानं चहा आणून दिला. होळीला अजून चार महिने होते.

शुक्रवारी रूळ काढून टाकायचा कागद निघाला. शेठना पुन्हा सगळे राजी हवे होते, म्हणून पुन्हा सहा चौकोन. रामहरीनं वाचून विचारलं, "काढायचं कारण काय लिव्हलंय?" कारण लिहिलेलं नव्हतं. किशनराव म्हणाले, "कारणाबिगर मी कशावर सई करत न्हाई," आणि हे बोलताना त्यांना अजिबात हसू आलं नाही. नागेशनं कागद खिशात घातला तो घातलाच. रूळ तिथंच आहे. पाळीत दहा-अकरा वेळा वाजतो. सिस्टिमही आहे, आणि कारणाच्या रकान्यात नागेश काही भरत नाही. पुण्याहून फोन येतो, तेव्हा तो म्हणतो, नेट गेलंय.

मनिषाची खुर्ची रिकामी आहे. हे लिहिताना राग येतो, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही, कारण त्या जिनिंगमध्ये जो भेटेल तो सांगतो की बाई चांगली होती, आम्ही सगळे तिच्या बाजूचेच होतो.

थोरल्या शेठनी रूळ टांगला त्या दिवशी पहिला टोला कोकिळाबाईच्या सासूनं, सरजाबाईनं मारला. कापसात काही सापडलं नव्हतं.